हजिऱ्याचा खार आणि पंधरा वर्षांची गाडी: जुनी इम्पल्स, हिमालयन ठेवायची तर आधी काय, मग काय

हजिऱ्याच्या कंपन्यांबाहेर दुचाकी लावायच्या जागी नुसती नजर फिरवली तरी जीजे-५ च्या गर्दीत एमएच-३९, एमएच-१८, एमएच-१९ अशा पाट्या सापडतात. नंदुरबार, धुळे, जळगाव. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात राहणारा खान्देशी माणूस कामाला हजिऱ्याला आणि सुट्टीला गावाला, हे काही नवीन नाही. रस्ताही त्याच्या सोयीचाच आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे जुना ६ नंबरचा हायवे, हजिऱ्यातूनच सुरू होतो आणि बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला महाराष्ट्रात शिरतो. पुढे विसरवाडी, कोंडाईबारी घाट, दहिवेल, साक्री आणि धुळे. सुरत ते नवापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत. पहाटे निघालं तर नाश्ता गावाकडच्या हॉटेलात.

हायवे सरळ आहे, पण गाव हायवेवर नसतं. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागातल्या पाड्यांकडे वळलं की डांबर संपतं. मुरूम, नाल्यातले गोटे, पावसाळ्यात चिखल. म्हणून या येण्याजाण्यात स्प्लेंडर आणि शाइन यांच्या जोडीला एक वेगळी जात टिकून आहे. उंच, लांब शॉकअबची, तारेच्या चाकांची, डांबरावर आणि मातीवर दोन्हीकडे चालणारी गाडी. इंग्रजीत तिला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. हिरोची इम्पल्स हे तिचं आपल्याकडचं जुनं उदाहरण, आणि त्यानंतरची रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन.

इम्पल्सवाल्यांसाठी आता घड्याळ लागलेलं आहे. ही गाडी २०११ च्या अखेरीस बाजारात आली. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे पहिल्या लॉटमधल्या गाड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपायला लागते. त्यापुढे गाडी रस्त्यावर ठेवायची तर ती आरटीओसमोर उभी करून दाखवावी लागते. आणि बारा-पंधरा वर्षं खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी तपासणीला न्यायची, तर हेडलाइट, क्रॅशगार्ड, नवी सीट यांच्या आधी दुसऱ्याच गोष्टींवर पैसा घालावा लागतो. नेमकं तिथेच बहुतेकांचं गणित उलटं होतं.

ही गाडी एवढी धरून का ठेवायची?

हिरो आणि होंडा २०१० च्या डिसेंबरमध्ये वेगळे व्हायचं ठरलं. त्यानंतर हिरोने स्वतःच्या नावाने आणलेल्या पहिल्या गाड्यांमध्ये इम्पल्स होती. तिचा मूळ साचा होंडाची ब्राझीलमध्ये चालणारी एनएक्सआर १५० ब्रॉस ही गाडी. १४९.२ सीसीचं हवेवर थंड होणारं कार्ब्युरेटरचं इंजिन, पुढे १९ इंची आणि मागे १७ इंची चाक, वजन १३४ किलो. तेरा घोड्यांची ताकद त्या वजनाला हायवेवर कमीच पडायची, तक्रार तीच होती. गाडी फार खपली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. त्या जागेवर हिरोची पुढची गाडी, एक्सपल्स २००, यायला २०१९ उजाडलं.

हिमालयनचं तसं नाही. २०१६ मध्ये आली, भरपूर खपली, २०२३ च्या शेवटी ४५० सीसीची नवी आली तेव्हा जुनी थांबली. तिचे पार्ट मिळतात, मिस्त्रींना ती माहीत आहे, आणि तिची पंधरा वर्षं भरायला अजून वेळ आहे. पण खाराच्या बाबतीत दोघींची गत एकच.

नवी एक्सपल्स घ्यायची तर दीड लाखाच्या वर जाते. जुनी इम्पल्स विकायला काढली तर हातात येतात ते तिच्यात घातलेल्या टायर-ट्यूबचेच पैसे. त्यामुळे ज्याची गाडी मुळात धड आहे त्याने ती सावरणं हा हिशेबाचाही निर्णय असतो, नुसता जीव जडल्याचा नाही. ज्याची चेसिस आतून सडली आहे त्याने मात्र मन घट्ट करावं. हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे, ते बघू.

मीठ गाडीला कसं खातं

हजिरा तापीच्या मुखाशी, खंभातच्या आखाताच्या काठावर. एका बाजूला सुवालीची चौपाटी, दुसऱ्या बाजूला कंपन्या, बंदर, ट्रकांची रांग. हवेत मीठ आहे आणि धूळही. याच पट्ट्यात २०२२ मध्ये स्टीलच्या कारखान्यातल्या स्लॅगपासून देशातला पहिला रस्ता बांधला गेला, इतकी इथली वाहतूक अवजड. घोघ्याला जाणारी रो-रो फेरीही इथूनच सुटते, २०२० च्या नोव्हेंबरपासून. सौराष्ट्रात फिरायला जाणारे बाइकवाले ३७० किलोमीटरचा फेरा वाचवून ९० किलोमीटर समुद्रातून जातात. सोय उत्तम आहे, पण उतरल्यावर गाडी धुवायचं कोणी मनावर घेत नाही.

लोकांचा समज असा की पाऊस लागला की गंज येतो. खाऱ्या पट्ट्यात पाऊस लागायची गरज नसते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढतं आणि त्यात स्वतः विरघळतं. म्हणजे चेसिसवर बसलेला मिठाचा पातळ थर रात्री आपोआप ओला होतो, दुपारी वाळतो, परत रात्री ओला. गाडी कोरडी दिसते, पण धातूवर खारं पाणी रोज बसतं. पावसाने उलट हे मीठ थोडं धुऊन तरी निघतं. त्यामुळे शेडमध्ये, पावसापासून जपून ठेवलेली गाडी कधी कधी उघड्यावरच्या गाडीपेक्षा जास्त गंजलेली निघते. मालकाला हे पटत नाही.

प्लास्टिकचं कव्हर घालणारे तर आपल्या हाताने नुकसान करून घेतात. आत दमट हवा कोंडते. कव्हर घालायचंच तर कापडी, हवा खेळणारं, आणि गाडी धुऊन वाळल्यावर.

दुसरा प्रकार जास्त छुपा. ॲल्युमिनियमच्या भागात लोखंडी बोल्ट असला आणि मध्ये खारं पाणी आलं, की ती छोटी बॅटरीच होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी दिसते ती हीच. इंजिनच्या कव्हरचे, कॅलिपरचे बोल्ट याच कारणाने जाम होतात, पाना लावला की डोकं तुटून हातात येतं. एकदा सगळं खोललं की प्रत्येक बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावून बसवणं, हे या पट्ट्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. फक्त अशा बोल्टला नेहमीइतकं करकचून आवळू नये, आटे लवकर बसतात.

चेसिस नंबरपासून सुरुवात

गाडी बघायला मिस्त्री आला की आधी किक मारतो, आवाज ऐकतो. पंधरा वर्षांच्या किनाऱ्यावरच्या गाडीत सुरुवात दुसरीकडून करावी. हँडल वळवून स्टिअरिंगच्या गळ्यावर कोरलेला चेसिस नंबर बघावा.

नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत हा नंबर आणि इंजिन नंबर ताडून बघतात, पेन्सिलने त्याचा ठसा घेतात. केबल आणि वायरिंग सतत घासून त्या जागेचा रंग आधीच गेलेला असतो, खार तिथेच पहिला धरतो. नंबरातला एखादा आकडा गंजाने भरला की ठसा येत नाही आणि मग साध्या कामाचा मोठा घोळ होतो. तिथे पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर फिरवायचा नाही. घासलेला नंबर आणि खोडलेला नंबर यात बघणाऱ्याला फरक दिसत नाही. केरोसीनमध्ये भिजवलेला मऊ ब्रश, मग कापड, मग पारदर्शक लॅकरचा एक हात किंवा निदान ग्रीसचा लेप. काम पाच मिनिटांचं आहे.

तिथून खाली यायचं. चेसिसच्या नळ्या वरून चांगल्या दिसतात. सडतात त्या खालून आणि जोडांवर. सीटखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, साइड स्टँडच्या वेल्डिंगपाशी आणि फूटरेस्टच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळू ठोकावं. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, पापुद्रा निघाला, टोक आत गेलं, तर तो वरवरचा गंज नाही. अशा चेसिसला वेल्डिंगचं ठिगळ मारून घाटात न्यायची गाडी करणं म्हणजे जिवाशी खेळ. इथे थांबलेलं बरं.

चेसिस पास झाली की बाकी सगळं दुरुस्त होणारं आहे.

चाकाचे आरे. ड्युअल-स्पोर्टला तारेची चाकं असतात कारण खड्ड्यात ती थोडी वाकून सावरतात. पण प्रत्येक आऱ्याच्या निपलमध्ये खार बसतो. छोट्या पान्याने एकेक आरा टिचकी मारत चाक फिरवावं. सगळ्यांचा सूर साधारण सारखा यायला हवा. जो भदभदा वाजतो तो सैल किंवा आतून खाल्लेला. चार-पाचच असतील तर बदलून चाक सरळ करून मिळतं. निपल फिरायलाच तयार नसतील तर आऱ्यांचा पूर्ण सेट बदलावा. जुनी रिम चांगली असेल तर तीच परत वापरता येते.

पुढचे फोर्क. चकचकीत दांडीवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, शॉकअब खाली-वर होताना ते ऑइल सीलला कापतात. गॅरेजवाला सील बदलतो, महिन्यात परत गळती. मालक गॅरेजवाल्याला शिव्या देतो, दोष दांडीचा असतो. खड्डे बारीक आणि सीलच्या फिरण्याच्या पट्ट्याबाहेर असतील तर अगदी बारीक पेपरने कडा मारून चालतं. पट्ट्यातच असतील तर दांडी बदलायची किंवा हार्ड क्रोम करून आणायची. इम्पल्सची नवी दांडी शोधत फिरण्यापेक्षा सचिन, पांडेसऱ्याच्या जीआयडीसीत क्रोमवाल्याकडे विचारून पाहावं. हिमालयनसारखे रबरी बूट फोर्कवर असतील तर ते वर सरकवून आत बघायलाच हवं. बूट धुळीला अडवतात, दमट खाराला मात्र आत कोंडून ठेवतात.

ब्रेकला वेळ द्यावा. इम्पल्सला पुढे डिस्क, मागे ड्रम. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या की एकच पॅड झिजतो आणि ब्रेक अर्धा लागतो. पिना काढून साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं पिवळं ग्रीस नाही, ते रबर फुगवतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी चालो वा उभी राहो. चौपाटीवर गेलेल्या गाडीचा ड्रम उघडला तर आत वाळूची पेस्ट सापडते.

हँडलचा कोनसेट, स्विंगआर्मचा पिव्होट, हिमालयनमध्ये मोनोशॉकची लिंकेज: हे तिन्ही खोलून, धुऊन, वॉटरप्रूफ ग्रीस भरून बसवायचे. गाडी सेंटर स्टँडवर किंवा विटांवर घेऊन पुढचं चाक उचलावं आणि हँडल हळूहळू वळवावं. मध्यभागी कुठे खटकन अडकलं तर कोनसेट गेला. हा भाग बदलतानाच टेपर रोलरचा सेट बसवला तर खराब रस्त्यावर तो जास्त टिकतो. अपग्रेड म्हणावं असं हे पहिलं काम, आणि बाहेरून कोणाला दिसणारही नाही.

वायरिंगबद्दल एक सवय पुरेशी आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी टाकी आणि हेडलाइट काढून प्रत्येक कपलर उघडायचा. हिरवी भुकटी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर, मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा थेंब. घाटात रात्री बंद पडलेल्या गाडीचं कारण पुष्कळदा दहा रुपयांच्या कपलरमध्ये निघतं.

इंजिनाला इथे कमी जागा दिली आहे, कारण ते खरंच कमी त्रास देतं. इम्पल्सचं इंजिन हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं, त्यामुळे पिस्टन-रिंग, क्लच प्लेट, टॅपेटचं काम जाणणारा मिस्त्री नवापुरातही भेटतो. पार्ट घेताना नंबर मात्र जुळवून घ्यावा. अडतं ते टाकीच्या प्लास्टिकवर, मडगार्डवर, साइड पॅनलवर. ते मिळत नाहीत, म्हणून तुटलेले फेकू नयेत. प्लास्टिक वेल्डिंगने जोडून वापरावेत.

पेट्रोल बदललं, कार्ब्युरेटर तोच राहिला

२०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक सगळीकडे तेच मिळतं. २०११ ची गाडी बनली तेव्हा हे गृहीत धरलेलं नव्हतं. त्याचा परिणाम दोन ठिकाणी जाणवतो.

पहिला, रबर. पेट्रोलचा पाइप, कार्ब्युरेटरच्या आतले ओ-रिंग, कॉकचा वॉशर हे जुने असतील तर फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल चालणारा पाइप आणि कार्ब्युरेटरचा नवा किट घालणं एवढाच उपाय, खर्च फार नाही.

दुसरा, मिश्रण. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटमधून आलेलं पेट्रोल हवेच्या मानाने पातळ पडतं. २०१७ नंतरच्या हिमालयनमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून बऱ्यापैकी सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला मोजता येत नाही. गाडी गरम चालते, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफटते, चढावर एकदम दम टाकते. प्लग काढून बघावा. पांढरट निघाला तर मिस्त्रीकडून मिश्रणाचा स्क्रू आणि गरज पडल्यास एक नंबर मोठा मेन जेट. त्यानंतर पीयूसी करून घ्यावी, कारण जास्त दाट झालं तरी गडबडच.

शिफ्टमुळे गाडी पंधरा पंधरा दिवस उभी राहत असेल तर आणखी एक गोष्ट. इथेनॉल पाणी ओढतं आणि किनाऱ्यावर हवेत पाण्याला तोटा नाही. टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा भरलेली ठेवावी, आत हवा कमी राहते. कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल स्क्रू ढिला करून काढून टाकावं. दोन मिनिटं लागतात, आणि सकाळी किक मारून मारून पाय सुजत नाही.

आता अपग्रेड

इथपर्यंतचं झालं आणि पैसे उरले, तर पहिला नंबर टायरचा. इम्पल्सला पुढे १९ इंची ९०/९०, मागे १७ इंची ११०/९०. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांचं रबर ओल्या घाटात घसरतं. हजिरा ते नवापूर सगळं डांबर आहे, कच्चा रस्ता शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर. त्यामुळे मोठ्या गाठींचे मातीतले टायर दिसायला भारी, पण हायवेवर गुणगुणतात, ब्रेक लांबवतात आणि दोन पावसाळ्यांत संपतात. मधल्या नक्षीचे घ्यावेत.

दुसरा, स्प्रॉकेट. पाठीमागे माणूस आणि सामान घेऊन चढ चढायचा तर इम्पल्सचं पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करतात. ओढ वाढते. पण ७०-८० च्या वेगाला इंजिन ओरडायला लागतं, आणि या मंडळींचा निम्म्याहून जास्त रस्ता हायवेचाच. कंपनीचंच माप ठेवून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलणं जास्त शहाणपणाचं. लांब शॉकअबच्या गाडीची चेन साध्या गाडीपेक्षा जरा सैल ठेवतात, कारण चाक वर-खाली होताना एका जागी ती ताणली जाते. नेहमीच्या सवयीने घट्ट केली तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. मॅन्युअलमधला आकडा बघून, गाडीवर माणूस बसवून तपासावी.

तिसरा, उजेड. जास्तीचे दिवे लावण्याआधी गाडीची वीज किती तयार होते ते बघावं. जुन्या गाड्यांचा आल्टरनेटर लहान असतो. त्याच्यावर दोन मोठे फॉग लॅम्प टाकले की बॅटरी हळूहळू उपाशी राहते, मग स्टार्टर रुसतो. कमी वॅटचे एलईडी, वेगळी रिले, वेगळा फ्यूज, आणि वायर कापून पिळून टेप गुंडाळायचा नाही. तो टेप खाऱ्या हवेत एक वर्ष टिकतो. हिमालयनला हा त्रास कमी.

मागचा कॅरिअर आणि बाजूच्या सामानाच्या पट्ट्या हव्यातच, गावाला रिकाम्या हाताने कोण जातं? फक्त त्या जिथे बोल्टने बसतात तिथला रंग निघतो. बसवण्याआधी त्या जागी रंगाचा एक हात आणि मध्ये रबराचा वॉशर.

सायलेन्सर बदलायचा मोह होतो. तेरा घोड्यांच्या गाडीला मोठा आवाज लावून चौदा घोडे होत नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मालकाने केलेले फेरफार मान्य करत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा एकेका फेरफाराला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज आणि धुराच्या उल्लंघनाची तरतूद वेगळी, पहिल्या वेळी १०,००० पर्यंत. जागेवर भरायच्या तडजोडीच्या रकमा राज्याराज्यात वेगळ्या असतात. हे दोन राज्यांत ये-जा करणाऱ्याला सांगायला नको, एकाच सायलेन्सरला तो दोन ठिकाणी दोन भाव ऐकून आलेला असतो.

धुण्याचं राहिलं. चौपाटी, फेरी किंवा पावसातला प्रवास झाला की त्याच दिवशी साध्या गोड्या पाण्याने, हलक्या धारेने. बोअरचं पाणी खारं असेल तर त्याने धुणं म्हणजे मिठावर मीठ. वॉशिंग सेंटरची जोरदार धार बेअरिंग, कोनसेट आणि कपलरवर मारू द्यायची नाही. धुतल्यावर दहा मिनिटं गाडी फिरवून वाळवायची, मग चेनला ऑइल. चेसिसला खालून जळकं ऑइल फासायची पद्धत जुनी आहे. गंज थांबतो हे खरं, पण हजिऱ्याची धूळ त्यावर चिकटून थर होतो आणि रबर कुजतं. मेणाचा किंवा लॅनोलिनचा स्प्रे वर्षातून एकदा मारला तर काम तेच होतं आणि गाडी हात लावण्यासारखी राहते.

कागद कुठल्या राज्यात फिरवायचे?

एमएच पाटीची गाडी गुजरातमध्ये आणि मालकही गुजरातमध्ये, अशी पुष्कळांची स्थिती. कायद्याप्रमाणे (कलम ४७) दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, मग नव्या आरटीओत फॉर्म २७ आणि तिथला रोड टॅक्स. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण चौदा वर्षांच्या गाडीत उरतं काय? म्हणून मुदत संपायला एक-दोन वर्षं असताना आधी ठरवावं की माणूस पुढची पाच वर्षं कुठे राहणार आहे. सुरतेतच राहणार असेल तर बदली आधी आणि नूतनीकरण नंतर, दोन्ही सुरतेत. गाडी मुळात गावीच असते, भाऊ किंवा वडील चालवतात, असं असेल तर नंदुरबार किंवा धुळ्याचीच नोंदणी चालू ठेवावी. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो, तो धरून हिशेब करावा.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ पासून दुचाकीची फी १,००० रुपये आहे. उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये वर. विमा आणि पीयूसी चालू हवी, जुन्या चलनाचे पैसे बाकी नसावेत, आणि एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घेतलेली बरी. दिल्लीकडच्या दहा-पंधरा वर्षांच्या बंदीच्या बातम्या वाचून काही जण घाईने गाडी भंगारात देतात. ती बंदी दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरपुरती. महाराष्ट्र-गुजरातमध्ये गाडी तपासणीत पास झाली की ती चालते.

ज्याच्या आरसी बुकावर डिसेंबर २०११ ची तारीख आहे त्याला अर्ज ऑक्टोबरपासून करता येईल. फोर्कचं क्रोमिंग, आऱ्यांचा सेट, कोनसेट ही कामं एका आठवड्यात होत नाहीत, आणि दिवाळीच्या सुट्टीत सुरतेतली निम्मी वर्कशॉप बंद असतात. गाडी गणपतीच्या सुमाराला, पाऊस ओसरता ओसरता खोलायला दिली तर तपासणीआधी कोंडाईबारीचा एक फेरा मारून ब्रेक आणि हँडल बघून घ्यायला वेळ उरतो.